काट्यावरची जपानी गाडी

माझी सकाळची पाळी नुकतीच सुरू झाली होती. कारखान्याच्या वजनकाट्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर खाली उतरला, मागून बजरंगचा ट्रक चढणार होता, आणि तेवढ्यात त्या दोघांच्या मधल्या फटीतून एक बुटकी पांढरी मोटार हळूच येऊन काट्यावर उभी राहिली. अगदी शहाण्यासारखी, मधोमध.

आमच्या काट्यावर पंधरा-वीस टनांखाली काही येत नाही. स्क्रीनवर आकडा जरा हलला आणि थांबला — एक टन एकशे सत्तर. मला वाटलं, काटा बिघडला.

माइक ओढून मी म्हणाले, "पांढरी गाडी. हा उसाचा काटा आहे. गाडी खाली घ्या."

काच खाली झाली. आतून एक धुळीनं माखलेला, हसरा चेहरा बाहेर आला.

"ऊसच हाय मॅडम."

"कुठाय?"

"डिकीत."

तो खाली उतरला, डिकी उघडली आणि खरोखरच उसाची दोन कांडकी वर धरून मला दाखवली. रांगेतले ड्रायव्हर खो खो हसले. मी नाही हसले. तीन वर्षं हंगामी काटा क्लार्क म्हणून काम करतेय. माझ्या खिडकीसमोर रोज शंभर माणसं विनोद करून जातात. पण तो उतरल्यामुळे स्क्रीनवरचा आकडा बदलला होता, आणि आकडा बदलला की मला गप्प बसवत नाही.

"गाडी एक हजार ऐंशी," मी माइकवरूनच सांगितलं. "वरचे नव्वद तुमचे."

आता तर बजरंगनं ट्रकातून हॉर्नच वाजवला. तो मात्र लाजण्याऐवजी सरळ खिडकीशी आला. हातांना कोपरापर्यंत ग्रीस, खिशात पाना, आणि डोळे असे की समोरच्याला वाटावं, आपण काहीतरी फारच छान बोललो.

"ब्याण्णव," तो म्हणाला. "तुमचा काटा दोन किलो चुकतोय."

"काटा दहा-दहाच्या पटीत दाखवतो. चुकत नाही."

"मग ते दोन किलो गेलं कुठं?"

"तुम्ही पोट आत घेतलं असेल."

त्यानं खरंच खाली पोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग हसला... आणि मला उगाचच खिडकीतले कागद नीट करावेसे वाटले.

"उद्या परत येऊ का? मागचं सीट काढून आनतो. किती कमी हुतंय ते बघायचंय."

खरं तर नाही म्हणायला हवं होतं. पण मी म्हणाले, "सव्वासहाला या. तेव्हा रांग थोडा वेळ थांबलेली असते. आणि रोज एकच वस्तू काढून आणा. म्हणजे कशाचं किती वजन ते नीट कळेल."

हे ऐकायला मोठं शास्त्रीय वाटलं. त्यामागे दुसरं काही कारण होतं का? होतं. थोडंसं.

*

त्याचं नाव भीमराज. सोनईहून शिंगणापूरला जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. दर्शनाला आलेल्यांच्या गाड्यांची पंक्चरं काढायची, ऑइल बदलायचं, तापलेल्या रेडिएटरात पाणी ओतायचं — पोटापाण्याला हे बरं चालायचं. पण त्याला करायचं होतं वेगळंच. त्याला गाड्या पळवायच्या होत्या. म्हणजे दुसऱ्यांच्या गाड्या आपल्या हातानं अशा बांधायच्या, की त्यांनी पळावं.

हे मला एका दिवसात कळलं नाही. रोज सव्वासहाला पाच मिनिटं, खिडकीच्या जाळीतून, हप्त्याहप्त्यानं कळलं.

"जपानीच का पण?" मी एकदा विचारलं.

"इंजिन बारकं, पन कारागिरी लई." तो जाळीला टेकला. "ही सिटी व्हीटेक. दीड लिटरचं इंजिन. मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांपर्यंत गरीब गाय. त्याच्या फुडं गेलं की तिचे व्हॉल्व जास्त उघडत्यात... मग तिचा आवाजच बदलतो. ऐकवीन तुमाला कधीतरी."

"खरी स्पोर्ट्स गाडी तर दोन दारांची असते."

"असती की. पन ती बाहेरनं मागवायची म्हनलं, तर गॅरेज, घर आन् मला विकूनबी नुसती चाकंच येतील. दुसरी एक दोन लिटरची बघितली हुती. ताकद जास्त, पन जड, आन् तिचे पार्ट मिळंनात. स्वस्तात जोर पायजे असंल तर हलकी गाडी घ्यायची. दहा किलो काढलं की एक घोडा जोडल्यासारखं हाय. तोबी फुकट."

"आणि ही कितीला पडली?"

तो गालातल्या गालात हसला. "शनिवारी घेतली."

तेवढ्यावरच मला कळलं, कारण मी इथलीच. आमच्या भागात शनिवारी कुणी लोखंड घेत नाही, गाडी तर नाहीच नाही. पुण्याचे एक साहेब शनिवारी दर्शनाला आले आणि देवळाच्या पार्किंगमध्येच त्यांची गाडी बंद पडली. भीमराजनं ढकलत नेऊन चालू करून दिली. पुढच्या शनिवारी ते पुन्हा आले आणि गाडी पुन्हा तिथेच बंद पडली. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ही गाडी देवाला मान्य नाही, म्हणाले, कुणीही न्या. भीमराज म्हणाला, मी नेतो. आजच.

"झालं काय होतं तिला?"

"उंदरानं वायर कुरतडली हुती. पयल्या वेळी मला घाईत दिसली न्हाई." तो जरा गंभीर झाला. "सायबांना मी खरं सांगितलं बरं का. वायर दाखवलीबी. ते म्हनले, उंदीर कुनी पाठवला? आता ह्याला काय उत्तर देनार..."

तेव्हापासून तो सगळी खरेदी शनिवारीच करायचा. भंगारवाल्याकडे त्या दिवशी शुकशुकाट असतो, बोहनीला एक गिऱ्हाईक मिळालं तरी तो खूश. हलकी ॲल्युमिनियमची चाकं शनिवारची, एक्झॉस्टचा चांगला पाइप शनिवारचा, ब्रेकच्या डिस्का तेवढ्या नव्या, दुकानातून, सोमवारी.

"ब्रेक जुनं घ्यायचं न्हाई," तो म्हणाला. "आधी ब्रेक, मग टायर, मग ताकद. लोक उलटं करत्यात."

मला हे फार आवडलं. त्या दिवशी दुपारी घरी जेवताना मी स्वतःशीच म्हणाले, आधी ब्रेक, मग टायर. आईनं विचारलं, काय गं दया? मी म्हणाले, काही नाही.

*

रोज गाडी हलकी होत गेली. मागचं सीट वीस किलो. जादा चाक आणि जॅक वीस. खालचं कार्पेट दहा. एसी वीस. बजरंग तर रोज ट्रकातून ओरडून विचारायला लागला, "आज किती भरली ओ लेक?" अंगणवाडीत बाळाचं वजन वाढलं की सगळे खूश होतात, आम्ही कमी झालं की व्हायचो.

आणि एका सकाळी वजन वाढलं.

"एक हजार वीस," मी म्हणाले. "काल एक हजार दहा होतं. काय घातलंत आत?"

भीमराज जाळीशी येऊन उभा राहिला, पण माझ्याकडे बघेना. "काय न्हाई."

"काय नाही कसं? दहा किलो आहे."

"...पेरू हायेत. राहात्याचे."

"गाडीत?"

"तुमच्यासाठी." त्यानं कानामागे हात नेला, तिथे ग्रीसचा डाग उमटला. "पाच किलोच आननार हुतो. पन तुमचा काटा पाच किलो दाखवत न्हाई."

मी खिडकी बंद केली. खरंच, फाडकन बंद केली, कारण माझा चेहरा त्यानं बघावा असं मला वाटेना. मग अर्ध्या मिनिटानं उघडली आणि म्हणाले, "ठेवा इथे. आणि उद्यापासून अहोजाहो नको. मला ऐकताना कसंतरी होतं."

"मग काय म्हनू?"

"दया."

"दया," तो म्हणाला. एकदाच, सावकाश.

पेरू आठ दिवस पुरले. घरी विचारलं तेव्हा मी म्हणाले, एका ड्रायव्हरनं दिले. पप्पांनी एक फोड तोंडात टाकली, चावता चावता माझ्याकडे बघितलं आणि दुसरी फोड घेतली.

*

माझ्या हातून घोळ झाला तो फेब्रुवारीत.

कोपरगावला मार्चअखेरीस ऑटोक्रॉस होणार होती. म्हणजे मोकळ्या मैदानात प्लॅस्टिकचे शंकू मांडायचे, वाकडीतिकडी वाट आखायची, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. शंकू पडला तर पाच सेकंद दंड. तिथल्या एका कारखान्याचं यार्ड हंगामानंतर रिकामं पडतं, त्यात भरणार होती. द्राक्षांचा व्यापार करणारे वैजनाथशेठ ती भरवणार होते, आणि त्यांच्या स्वतःच्याच शर्यतीच्या दोन गाड्या होत्या. त्यांनी भीमराजला सांगितलं होतं, तुझ्या गटात पहिल्या तिघांत ये, मग माझ्या दोन्ही गाड्या वर्षभर तुझ्याकडे.

"आन् न्हाई आलो तर चाकण," भीमराज म्हणाला. "कंपनीत लायनीवर नोकरी लागलीय. आई म्हनती, आता वय झालं ह्या खेळाचं. शर्यत रविवारी, आन् हजर व्हायचं लगेच दुसऱ्या दिवशी, सोमवारी."

चाकण. तोवर मी स्वतःला सांगत होते, की मला आपली ही गंमत आवडते, वजनाची, आकड्यांची. त्या क्षणी कळलं की आकडे गेले खड्ड्यात. मला हा माणूस इथे हवा होता. सोनईत. रोज सव्वासहाला.

आणि म्हणूनच मी जास्त शहाणपणा केला. गाडी त्या दिवशी नऊशे साठवर आली होती. काढण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

"अजून चाळीस किलो निघतील," मी म्हणाले. "चार घोडे. फुकट."

त्याचे डोळे चमकले. "कुठनं?"

"ड्रायव्हर बदल."

तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. "दोन वर्षं झाली," तो हळू म्हणाला, "ही गाडी मी चालवायची म्हनून बांधतोय." मग गाडीत बसून निघून गेला. आकडा शून्यावर आला आणि मी त्या शून्याकडे बघत राहिले, मागून बजरंग हॉर्न वाजवतोय हेसुद्धा मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी माझी सुट्टी होती. सुट्टीच्या दिवशी मी पप्पांच्या टेम्पोवर असते. आमचा अंड्यांचा धंदा. पप्पांचा गुडघा दुखायला लागल्यापासून टेम्पो मीच चालवते, सोनईपासून राहुरीपर्यंत, पंचवीस किलोमीटर खड्ड्यांतून. मी टेम्पो सरळ भीमराजच्या गॅरेजसमोर उभा केला.

आत बाबासाहेबांची तसबीर, खाली स्पार्क प्लगचा डबा, आणि त्याच्याही खाली गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय.

"चुकलं माझं," मी पायांना सांगितलं.

पाय हलले नाहीत. "तू बरोबर बोललीस. तेच तर दुखतंय."

"बाहेर ये. मला उशीर होतोय, साडेआठला राहुरीत माल पोचवायचाय. बोलायचं असेल तर टेम्पोत बस."

तो बसला. मी निघाले. उशीर खरंच झाला होता, म्हणून मी नेहमीसारखीच गेले — वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात हात स्थिर, वळण संपायच्या आत पाय पुन्हा खाली. खड्डा दिसला की आधीच ठरवायचं, डावीकडून की उजवीकडून. राहुरीत पोचलो तेव्हा आठ वीस झाले होते. भीमराज उतरला, मागे गेला, आणि एकेक ट्रे उचलून बघायला लागला.

"काय करतोयस?"

"फुटलेलं अंडं शोधतोय."

"नाही मिळणार. फुटलं की रात्री आम्हालाच खावं लागतं, आणि मला अंडी आवडत नाहीत."

तो टेम्पोच्या फाळक्यावर बसला. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, आणि या वेळी मी नजर वळवली नाही.

"तुझं वजन किती?" त्यानं विचारलं.

"हे असं विचारतात का मुलीला?"

"किती?"

"बावन्न."

"ब्याण्णवातनं बावन्न गेलं, चाळीस किलो," तो म्हणाला. "बरोब्बर." मग एकदम उठला. "तू चालव."

*

मार्चच्या मध्यावर हंगाम संपला, शेवटची मोळी गव्हाणीत पडली आणि आमचं यार्ड रिकामं झालं. शेतकी ऑफिसात पप्पांनीच शब्द टाकला आणि आम्हाला सकाळचे दोन तास मिळाले. पप्पा चर्चचे पंच. एवढ्या सहजी कुणाला काही मागत नाहीत. आधी त्यांनी भीमराजला घरी बोलावून एकच प्रश्न विचारला होता.

"ब्रेक कसे आहेत?"

"सगळ्यात आधी ब्रेकच केल्यात, काका. ताकद मागनं."

पप्पा आत गेले आणि आईला म्हणाले, चहा कर. चांगला कर.

यार्डात आम्ही शंकूंऐवजी जुने ऑइलचे डबे मांडायचो. भीमराज मधोमध उभा राहून हातवारे करायचा, मी त्याच्याभोवती फिरायचे. गाडी हातात अशी यायची की मला माझंच नवल वाटायचं. फक्त एक गोष्ट जमेना.

"साडेपाच हजाराला पाय काढतीस तू," तो खिडकीत वाकून म्हणायचा. "ती आत्ता कुठं तोंड उघडती, आन् तू तिला गप करतीस."

"सवय आहे. अंड्यांची."

"आज अंडी न्हाईत दया."

"माहितीय. पायाला माहीत नाही."

खिडकीवर त्याचा हात असायचा, माझ्या हातापासून दोन बोटांवर. एकदा तो तसाच ठेवून तो म्हणाला, "तुला एक विचारू? ती रोज एकच वस्तू काढून आनायची... सगळं एका दिवसात मोजता आलं असतं ना?"

मी समोर बघत राहिले. "आलं असतं."

"मला वाटलंच."

"मग बोलला का नाहीस?"

"कशाला बोलू? शेवटी शेवटी तर मी आरशाचे स्क्रू काढून आननार हुतो."

मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि निघाले, कारण तिथे अजून एक मिनिट थांबले असते तर काहीतरी बोलून गेले असते. आणि मला बोलायचं नव्हतं. चाकणला जाणाऱ्या माणसाला आवडतोस म्हणून सांगायचं, आणि मग त्यानं जायचं — ते मला झेपलं नसतं. आधी पहिल्या तिघांत यायचं. मग बघू.

*

शर्यत झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी आली. पप्पा म्हणाले, उपासना सातला, शर्यत बाराला, देवानं वेळ बरोबर लावलीय. गाडी आदल्या दिवशीच बजरंगच्या ट्रकातून कोपरगावला गेली होती. आम्ही चर्चमधून निघून टेम्पोनं पोचलो. पप्पांनी आणलेलं झावळीचं एक पान त्यांनी गाडीच्या आरशाला खोचलं. भीमराजनं ते हातात घेऊन तोललं, पुन्हा खोचलं आणि म्हणाला, "चालंल."

ऊन मी म्हणत होतं. यार्डात नाशिकच्या, पुण्याच्या गाड्या, त्यांच्यावर स्टिकर, त्यांच्या माणसांच्या अंगात एकसारखे शर्ट. आमच्या गटात अकरा गाड्या होत्या. प्रत्येकाला दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची.

पहिल्या फेरीत मी एकही शंकू हलवला नाही. अगदी नीट गेले. सुरेख गेले. आणि सहावी आले.

गाडीत बसून मी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं होतं. हेल्मेटमध्ये मला माझाच श्वास ऐकू येत होता. प्रत्येक शंकूपाशी मला वाटलं होतं, हा पडला की पाच सेकंद गेले, पाच सेकंद गेले की तो गेला. साडेपाच हजार तर सोडाच, मी पाच हजारांनाच पाय काढला होता.

भीमराज आला आणि खिडकीशी खाली बसला. उकिडवा, पंक्चर काढायला बसतो तसा.

"सॉरी," मी म्हणाले. "मला भीती वाटतेय."

"कशाची?"

"तू चाकणला जाशील त्याची."

पहिल्यांदाच मी हे तोंडानं बोलले. तो म्हणाला, "शुक्रवारीच न्हाई म्हनून कळवलंय मी त्यांना."

"...काय?"

"चाकणला. न्हाई येत म्हनून कळवलं."

"शर्यतीच्या आधीच?"

"व्हय."

"आणि वैजनाथशेठनी गाड्या दिल्या नाहीत तर?"

"तर पंक्चर काढीन. सोनईत. तू हायेस तिथं." त्यानं हे अगदी साधं सांगितलं, जसं टायरात हवा किती ते सांगतात. "आई लई बोलली. मग म्हनली, पोरगी बघायला कधी न्हेतोस."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. "रात्रभर मी झोपले नाही. आणि तू आत्ता सांगतोस?"

"शर्यत झाल्यावर सांगावं, असं ठरवलं हुतं. पन तुझं तोंड बघवंना." तो उठला. "माझ्यासाठी चालवलीस एकदा. आता तुझ्यासाठी चालव."

बावटा पडला. मी त्या रागावरच गाडी सोडली.

पहिलं वळण, दुसरं वळण, डब्यांसारखेच शंकू होते, त्यापेक्षा जास्त काही नव्हते. लांब सरळ पट्ट्यावर फेऱ्यांचा काटा पाच हजारांवर गेला, साडेपाचवर गेला, आणि मी पाय काढला नाही. आणि मग तो आवाज. इतके दिवस तो ज्याच्याबद्दल सांगत होता तो. खालच्या सुरात गुणगुणणारी गाडी एकदम मोकळ्या गळ्यानं ओरडली, मला पाठीमागे सीटवर दाबलं, आणि मी हेल्मेटच्या आत मोठ्यानं हसले. सहा हजार, साडेसहा हजार. शेवटच्या वळणावर मागची चाकं जराशी सरकली. हात स्थिर, पाय खाली. शंकू उभाच होता.

भोंग्यावर आकडा आला. एकोणसाठ पूर्णांक सहा सेकंद. आम्ही तिसरे होतो.

बजरंगनं ट्रकाचा हॉर्न दाबला तो सोडेचना. पप्पा गुडघा विसरून पळत होते. मी उतरले तेव्हा वैजनाथशेठ गाडीचं बॉनेट उघडून आत बघत होते.

"कुनी बांधली ही?" त्यांनी विचारलं.

भीमराजकडे बोट दाखवून मी म्हणाले, "यांनी."

"आन् चालवली कुनी? ही पोरगी कोन?"

"ही दया," भीमराज म्हणाला. आणि पुढे काय सांगायचं ते न सुचून थांबला.

शेठ आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघून हसले. गुरुवारी गाड्या पाठवतो म्हणाले आणि निघून गेले. उन्हात आम्ही दोघंच उरलो. गाडीचं इंजिन गार होताना टिक टिक करत होतं. भीमराज कापडानं हात पुसत होता, जे केव्हाच स्वच्छ झाले होते.

"कोण आहे मी?" मी विचारलं. "शेठना सांगितलं नाहीस."

"विचारल्याशिवाय कसं सांगू?"

"मग विचार ना."

"दोन महिने झालं, रोज ठरवतो." त्यानं कापड खिशात कोंबलं. "न्हाई जमत. तूच विचार दया. चालवनारी तू हायेस."

मी विचारलं. दोन वाक्यांत विचारलं. एकात सांगितलं की मला तू फार आवडतोस, आणि दुसऱ्यात, माझ्याशी लग्न करशील का. मी कुठेच पाय काढला नाही.

"व्हय," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा, हळू, जणू त्याचं त्यालाच ऐकायचं होतं, "व्हय."

त्यानं माझा हात हातात घेतला. पप्पा आता अगदी जवळ आले होते, मागून बजरंग येत होता, आणि आम्ही दोघांनीही हात सोडला नाही.